सुलाबाईंकडे ठेवलेलं प्रस्थान

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. या दोघांची सोयरीक कोणी आणि कशावरून जुळवली, ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. आमच्या घरापुरती मात्र ती म्हण तंतोतंत खरी आहे. आमचा बालाजी जर्मनीत असतो आणि आम्ही नवराबायको परभणीत, जिंतूर रोडला. मुलगी अर्पिता तेवढी म्हणीच्या बाहेर गेली. ती लग्न करून इंग्लंडला गेली आणि घोटाळा तिथून सुरू झाला.

घोटाळ्याचं मूळ म्हणजे अर्पिताच्या मुलाचे केस. त्याचं नाव माऊली. अकरावा महिना लागला तरी त्याचं जावळ काढलेलं नव्हतं. केस डोळ्यांवर यायचे म्हणून अर्पिता त्याला गुलाबी क्लिप लावायची. एकदा आमचे शेजारी भुजंगराव व्हिडिओ कॉलमध्ये डोकावले आणि म्हणाले, "वालूरकर, नात लय गोड हाय बरं का तुमची." माझ्या बायकोनं, म्हणजे नर्मदेनं, त्या दिवसापासून आठवडाभर भुजंगरावांना चहा विचारला नाही.

आता जावळ काढायचं तर ते मामाच्या मांडीवर बसवून काढतात. यात आमच्याकडे तडजोड नाही. आणि पहिल्या वर्षात राहिलं, तर मग थेट तिसऱ्या वर्षी. इंग्लंडात न्हावी गल्लोगल्ली आहेत, पण मामा एकच, आणि तो जर्मनीत.

त्यातून या मामावर जुनी बाकी होती. अर्पिताचं लग्न झालं तेव्हा बालाजीचे कागद तिकडच्या कुठल्याशा कचेरीत अडकले होते आणि त्याला येता आलं नव्हतं. कानपिळीच्या वेळी जावयाचा कान पिळायला सख्खा भाऊ नाही, म्हणून वालूरचा एक चुलतभाऊ पुढं केला. त्यानं कान इतक्या भीतभीत धरला की जावई हसायला लागले. अर्पिता मात्र हसली नाही. पाठवणीच्या वेळी आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "मला भाऊ असून न्हाई." नर्मदेच्या काळजात ते वाक्य तेव्हापासून रुतून बसलं होतं. ती मला म्हणाली, "आवं, जावळाला तरी पोरगा गेला पाहिजे. न्हाई गेला तर ही दोघं भाऊबहीण कायमची तुटतील." मी नेहमीप्रमाणे जिम्मेदारी माझ्यावर घेतली.

खरं तर आम्ही दोघंही जाणार होतो. पण आमचा व्हिसा नाकारला गेला. कारण असं दिलं होतं, की अर्जदार भेट संपल्यावर आपल्या गावी परत जातील याची खात्री वाटत नाही. मी ते वाक्य पुन:पुन्हा वाचलं. परभणीला परत येणार नाही? मी? ज्या माणसाला औरंगाबादला मुक्काम पडला तर झोप लागत नाही, जो येलदरी धरणावर हेडक्लार्क असताना बढतीवर नागपूरला जायला लागू नये म्हणून बढतीच सोडून बसला, तो माणूस सगळं टाकून इंग्लंडच्या थंडीत लपून राहील? सगळ्या कॉलनीत माझी इज्जत गेली. भुजंगराव तर म्हणाले, "बघा, त्यांला तुमच्यात काहीतरी दिसलंच असंल."

त्या जखमेवर एकच औषध होतं, ते म्हणजे बालाजी. त्याला मागच्याच वर्षी जर्मनीचं नागरिकत्व मिळालं होतं. मी कट्ट्यावर जाहीर केलं, "आमाला अडवलं ना? हरकत न्हाई. आमचा पोरगा युरोपचा नागरिक हाय. युरोपच्या नागरिकाला शेजारच्या देशात जायला काय लागतं माहीत हाय का? चप्पल!" टाळ्या पडल्या नाहीत, पण पडायला हरकत नव्हती.

समोरच्या बंगलीत धम्मशीला मॅडम राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे त्यांना दुसऱ्याचं वाक्य तसंच सोडून देता येत नाही. त्या म्हणाल्या, "वालूरकर सर, इंग्लंड त्या युरोपच्या गटातनं कवाच बाहेर पडलंय. आता तिथं जायला जर्मन माणसालाबी पासपोर्ट लागतो. नुसतं ओळखपत्र चालत न्हाई. अन् निघायच्या आधी मोबाईलवरून परवानगी काढावी लागती."

"म्हणजे वेगळ्या निघालेल्या भावाकडं जायला परवानगी?" मी विचारलं.

"लागती की," भुजंगराव म्हणाले. "मला सेलूच्या चुलत्याकडं जायला वकील लागतो."

रात्री बालाजीला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, मॅडम बरोबर सांगायल्यात. पासपोर्ट हाय माझ्याकडं. परवानगी आत्ता काढतो." आणि खरंच, त्यानं फोनवर पासपोर्टाचा फोटो काढला, स्वतःचं तोंड दाखवलं आणि आमचं बोलणं चालू असतानाच म्हणाला, "आली." मला ते आवडलं नाही. शिक्का नाही, सही नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. ज्या परवानगीसाठी माणसाची एकही चप्पल झिजली नाही, तिच्यावर विसंबून एवढा समुद्र ओलांडायचा?

म्हणून मी माझ्या बाजूनं बंदोबस्त केला. बालाजीकडून पासपोर्टाच्या पानाचा फोटो मागवला, झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रत काढली आणि एका राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घेतली. हे अधिकारी माझ्या हाताखाली, म्हणजे वयानं हाताखाली, होते. ते म्हणाले, "साहेब, मूळ पासपोर्ट बघितल्याशिवाय 'खरी प्रत' असं कसं लिहू?" मी म्हणालो, "मूळ पोरगा तुमी बघितलाय ना लहानपणी? मग झालं." त्यांनी गोल शिक्का मारला. त्या प्रतीचा फोटो मी बालाजीला पाठवला. त्यानं उत्तरादाखल फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं.

आता उरला मुहूर्त. जावळाचा मुहूर्त सोमवारचा निघाला. अर्पिताच्या तिकडे त्या सोमवारी सुट्टी होती, म्हणजे सोन्याहून पिवळं. बालाजीला रविवारी निघायचं होतं. गुरुजींनी पंचांग मिटलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, त्या अंगाला निघायचं न्हाई. इंग्लंड जर्मनीच्या कुठल्या अंगाला येतं?"

मी बाहेर येऊन धम्मशीला मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "पश्चिमेलाच." भूगोल कधीच कोणाच्या कामाला येत नाही, असं मी उगाच म्हणत नाही.

"मग प्रस्थान ठेवा," गुरुजी म्हणाले. "गुरुवारचा दिवस उत्तम हाय."

प्रस्थान म्हणजे काय, ते हल्लीच्या लोकांना माहीत नसतं. चांगल्या दिवशी निघता येत नसेल, तर त्या दिवशी आपली एखादी वस्तू हळदकुंकू लावून, फडक्यात बांधून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस मागं राहिला तरी प्रवास सुरू झाला. मग निघायच्या दिवशी ती वस्तू जाता जाता उचलायची आणि चालू लागायचं. दिशाशूळ बसतो हात चोळत. इतकी सोपी आणि बिनखर्चाची सोय जगातल्या कुठल्याही विमान कंपनीनं काढलेली नाही.

प्रश्न आला, गाठोड्यात ठेवायचं काय? नर्मदा म्हणाली, "सुपारी, हळकुंड अन् रुपया. बास." पण तिथं भुजंगराव बसले होते आणि त्यांना चहा मिळायला लागला होता. ते म्हणाले, "वैनी, जुन्या काळी शिपाई असला तर तलवार ठेवायचा, व्यापारी असला तर थैली. ज्याचं प्रवासात ज्याच्यावाचून अडतं ते ठेवायचं. न्हाईतर सुपारी पोचती इंग्लंडला अन् माणूस राहतो घरी."

हे मला पटलं. आणि पटलं की मी लगेच बोलतो. "पासपोर्ट!" मी म्हणालो. "बालाजीची तलवार म्हणजे पासपोर्ट. तोच ठेवायचा."

नर्मदा म्हणाली, "आवं, त्यो घरात असू द्या. हरवायबिरवायचा."

"अगं, जर्मन शेजारी हाय. तिथं सुई हरवत न्हाई." हे वाक्य पुढं मला अनेकांनी अनेकदा ऐकवलं, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

बालाजीच्या शेजारी उर्सुला नावाच्या सत्तरीच्या बाई राहतात. नर्मदेनं पहिल्याच महिन्यात त्यांचं सुलाबाई करून टाकलं होतं. या दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, पण व्हिडिओवर लोणच्याच्या बरण्या एकमेकींना दाखवून त्यांचा तासन्‌तास संवाद चालतो. गुरुवारी बालाजी पिवळ्या फडक्यात पासपोर्ट आणि नर्मदेच्या समाधानासाठी एक सुपारी बांधून ते गाठोडं घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. फोन त्यानं समोर धरलेला. सुलाबाईंनी हात धुतले, पदर नसल्यामुळे गळ्यातला रुमाल डोक्यावर घेतला आणि गाठोडं दोन्ही हातांत घेतलं. असं घ्यायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नर्मदेच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग सुलाबाईंनी नियम विचारले. जर्मन माणूस नियम विचारल्याशिवाय पेढाही खात नाही, असं बालाजी सांगतो. नर्मदा सांगत गेली आणि बालाजी तिकडे त्यांच्या भाषेत सांगत गेला.

"म्हणावं, हे वापस आमच्या घरात येऊ द्यायचं न्हाई. निघंल तवा वाटंवर त्याच्या हातात द्यायचं. अन् ज्या दिशेला जायचं, त्या दिशेला ठेवायचं. त्याच्या पुढं."

सुलाबाईंनी काहीतरी विचारलं. बालाजी म्हणाला, "त्या विचारायल्यात, किती पुढं?"

"जितकं पुढं तितकं चांगलं," नर्मदा म्हणाली. "अन् निघायच्या दिवशी त्याला हाक मारायची न्हाई. कुठं चाललास विचारायचं न्हाई. फोन बी करायचा न्हाई म्हणावं."

सुलाबाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि दार लावून घेतलं. मी माझ्या मुलाचा युरोपात किती मान आहे, ते भुजंगरावांना पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

रविवार उजाडला. आमच्याकडे दुपार, तिकडे सकाळ. निरोप द्यायला अर्धी कॉलनी आमच्या बैठकीत जमली होती, कारण मीच बोलावलं होतं. पेढेही आणले होते. बालाजीनं देवाला नमस्कार केला, हातावर दही घेतलं, उंबरा ओलांडला आणि सुलाबाईंचं दार वाजवलं. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. खिडकीतून बघितलं. घराला कुलूप.

"फोन लाव," मी म्हणालो.

"लावलाय बाबा. उचलत न्हाईत."

बैठकीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "येतील. दळण आणायला गेल्या असतील." जर्मनीत रविवारी सगळं बंद असतं, हे मला मागून कळलं.

थोडा वेळ तो दारात उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, गाडी चुकंल. काय करू? घरात माझं ओळखपत्र हाय. पण ते इंग्लंडला चालत न्हाई."

"चालत न्हाई म्हणजे?" मी म्हणालो. "अरे, तू युरोपचा नागरिक हायस! कार्ड दाखवायचं अन् चालू लागायचं. कोण अडवतं बघू."

"सर," धम्मशीला मॅडम म्हणाल्या, "मी त्या दिवशी—"

"मॅडम, नियम येगळा अन् माणूस येगळा," मी म्हणालो. बत्तीस वर्षं कचेरीत काढून मी एवढंच शिकलो होतो, आणि तेही परभणीपुरतं.

बालाजी ओळखपत्र आणायला घराकडे वळला, तशी नर्मदा किंचाळली, "मागं फिरू नको! उंबरा वलांडलाय!" सुदैवानं कार्ड पाकिटातच निघालं. पोरगा गाडीत बसला. नर्मदा देवापुढं बसली. मी पेढ्यांचा पुडा उघडलेला होता, तो परत बांधला.

विमानतळावर पोचताच बालाजीनं पुन्हा व्हिडिओ लावला. काउंटरवरच्या मुलीनं ओळखपत्र बघितलं, छान हसली आणि पासपोर्ट मागितला. बालाजीनं तिला सगळं सांगितलं. दिशाशूळाला जर्मन शब्द नसल्यामुळे ते 'दिशेला दुखतंय' असं झालं. ती म्हणाली, इंग्लंडला जायचं तर पासपोर्ट हवा, परवानगी त्या पासपोर्टालाच जोडलेली आहे, ओळखपत्रावर विमानात बसवता येत नाही. म्हणजे धम्मशीला मॅडमचं वाक्य जसंच्या तसं. मॅडम माझ्यासमोरच्याच खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांनी माझ्याकडे अजिबात बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"फोन दे तिला," मी म्हणालो.

"बाबा, नको."

"दे म्हणतो ना!"

मी उभा राहिलो. कचेरीचं काम बसून होतं, पण इंग्रजी मला उभं राहूनच येतं. धरणाच्या पाणीपट्टीची पत्रं ज्या इंग्रजीत लिहिली, त्याच इंग्रजीत मी त्या मुलीला सविनय कळवलं, की अर्जदाराच्या पासपोर्टाची साक्षांकित प्रत माझ्या ताब्यात असून ती ग्राह्य धरून उचित कार्यवाही व्हावी. आणि ती प्रत कॅमेऱ्यासमोर धरली. मुलीनं ती नीट बघितली. गोल शिक्क्याकडे बोट दाखवून हे काय, असं विचारलं. मी म्हणालो, "गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र." ती म्हणाली, शिक्का फार सुंदर आहे, पण पासपोर्ट लागेल. आणि काउंटर बंद व्हायला आता फार वेळ नाही, हेही तिनं प्रेमानं सांगितलं.

मी खाली बसलो. बैठकीत सल्ल्यांचा पूर आला. भुजंगराव म्हणाले, त्यांच्या साडूचा पुतण्या दिल्लीला एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी आहे, त्याला फोन लावू का. कोणी म्हणालं, जावळ व्हिडिओवर करा. मांडी इकडं, डोकं तिकडं. तेवढ्यात नर्मदेच्या मोबाईलवर अर्पिताचा फोन आला. बालाजीनं तिला कळवलं होतं. तिनं कोणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "राहू दे आई. मला ठाऊक होतं." आणि फोन ठेवला.

नर्मदा माझ्याकडे वळली. ती ओरडली नाही. "तुमी म्हणलात पासपोर्ट ठेवा," ती म्हणाली. "मी नुसती सुपारी म्हणलं होतं." बस, इतकंच. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला पुष्कळ टाकून बोललेलं आहे, पण असं दोन वाक्यांत कधी नाही. लेकीचं ते 'मला ठाऊक होतं' माझ्यामुळे खरं होणार होतं. मला खरंच रडायला येत होतं, आणि समोर पेढ्यांचा बांधलेला पुडा.

धम्मशीला मॅडम उठून नर्मदेजवळ जाऊन बसल्या. "वैनी," त्या म्हणाल्या, "तुमी त्या सुलाबाईंना गुरुवारी नेमकं काय काय सांगितलं होतं?"

"काय सांगणार? वापस घरात आणू नका म्हणलं. वाटंवर द्या म्हणलं. हाक मारू नका, फोन करू नका..."

"म्हणून फोन उचलंनात त्या," मॅडम म्हणाल्या. "अजून?"

"अजून... पुढं ठेवा म्हणलं. त्या म्हणल्या किती पुढं, तर मी म्हणलं..." नर्मदा थांबली. तिनं तोंडावर हात नेला. मग माझ्या हातातला फोन हिसकावून घेतला. "बालाजी! आरं, पुढं बघ!"

"कुठं पुढं, आई?"

"जिथून पुढं तुला जाऊ देईनात, तिथं बघ!"

फोनची चौकट गरागरा फिरली. छत दिसलं, बॅगा दिसल्या, कोणाची तरी टोपी दिसली. मग तपासणीच्या दारापाशी एका बाकावर, डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर पिवळं गाठोडं दोन्ही हातांनी धरून, ताठ बसलेल्या सुलाबाई दिसल्या. पहाटेपासून बसल्या होत्या. त्याहून पुढं त्यांना कोणी जाऊ दिलं नव्हतं, एरवी त्या इंग्लंडपर्यंत गेल्या असत्या. बालाजी काउंटरवर हुज्जत घालत होता, तेही त्यांना तिथून दिसत होतं. पण हाक मारायची नाही, असं सांगितलं होतं. म्हणून तो चालत आपल्यापर्यंत येईल याची त्या वाट बघत होत्या.

बालाजी धावत गेला. त्यांनी गाठोडं दिलं, हळद त्याच्या शर्टाला लागली. आता पासपोर्ट घेऊन काउंटरवर परत यायचं होतं. तो वळला, तोच नर्मदेचा आवाज आला, "मागं फिरू नको!"

"आई, काउंटर मागंच हाय!"

"मग तोंड पुढं ठेव!"

आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझा इंजिनिअर मुलगा, जर्मनीचा नागरिक, भर विमानतळावर इंग्लंडकडे तोंड करून उलटा चालत काउंटरपर्यंत गेला. मागून येणाऱ्या माणसांना बाजूला करायला सुलाबाई पुढं, म्हणजे मागं, चालत होत्या. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेतला, परवानगी तपासली आणि बालाजीला सोडलं. फडक्यातली सुपारी तिनं हातात घेऊन वास घेऊन बघितली, तिचं मात्र तिला काही कळलं नाही. भुजंगरावांनी न विचारता पेढ्यांचा पुडा सोडला.

इंग्लंडला विमान उतरलं. पासपोर्ट यंत्रावर ठेवला आणि दार उघडलं, इतकंच तिथं झालं. बाहेर अर्पिता माऊलीला कडेवर घेऊन उभी होती आणि शेजारी जावई. बालाजी बहिणीकडे गेलाच नाही. आधी जावयाजवळ गेला, पिशवी खाली ठेवली आणि त्यांचा कान असा पिळला की ते विमानतळभर ऐकू जाईल इतकं ओरडले. "लग्नातला राहिला होता," तो म्हणाला. अर्पिता हसायला लागली, आणि हसता हसता भावाच्या छातीवर डोकं ठेवून रडली. हे सगळं जावयांनीच आम्हाला फोनवर सांगितलं, एका कानानं ऐकत.

सोमवारी जावळ झालं. आमचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिथला न्हावी तुर्की निघाला. त्यानं कात्री लावायच्या आधी 'बिस्मिल्ला' म्हटलं, तेव्हा नर्मदा म्हणाली, "चला, देवाचं नाव तरी घेतलं." माऊली मामाच्या मांडीवर बसून मामाच्या चष्म्याशी खेळत होता. गुलाबी क्लिप निघाली आणि पहिली बट मांडीवर पडली. भुजंगराव एकदम म्हणाले, "अरे, मुलगा हाय की!" नर्मदेनं त्यांच्याकडे बघितलं, पण त्या दिवशी त्यांना माफ केलं.

केस अर्पितानं एका छोट्या डबीत ठेवले. आमच्या घराण्यात जावळाचे केस पूर्णा नदीत सोडतात. येलदरीच्या अंगणातली नदी, माझ्या वडिलांनी माझे सोडले, मी बालाजीचे सोडले. अर्पिता म्हणाली, "आई, मी कुरिअरनं पाठवते. तुमी दोघं सोडून या."

"नको," नर्मदा म्हणाली.

"का गं?"

"डबी तिथंच ठेव, देवापुढं. आमी येऊन नेऊ."

अर्पिता हळूच म्हणाली, "आई, व्हिसा..."

"त्यांला कारण पाहिजे ना, आमी वापस का येणार त्याचं? माझ्या नातवाचे केस पूर्णेत सोडायचेत. ती नदी इथं हाय. केस घेऊन इथंच यावं लागंल. ते आमचं वापस यायचं प्रस्थान हाय. तुझ्याकडं ठेवलंय म्हणून सांग त्यांला."

पलीकडे बालाजी चष्मा पुसायला लागला. मी उठून आत गेलो आणि उगाच माठातलं पाणी प्यायलो.

नवा अर्ज मी परवाच भरायला घेतला. मागच्या खेपेला परत येण्याच्या कारणांत मी घर, पेन्शन आणि वालूरचं शेत असं सगळं सविस्तर लिहिलं होतं. या वेळी ते सगळं तसंच ठेवलं, पण सर्वांत वर नर्मदेचं वाक्य घातलं. त्याचं इंग्रजी धम्मशीला मॅडमनी करून दिलं आणि मी त्यात एक अक्षर बदललं नाही. भुजंगराव म्हणाले, नदीचा एक साक्षांकित फोटो जोडा. तो जोडणार आहे.

अर्ज गुरुवारी पाठवायचा. दोघांचे पासपोर्ट कपाटात आहेत. किल्ली नर्मदेकडे आहे, आणि ती मला द्यायचा तिचा विचार दिसत नाही.